विमलाची निवळ

त्या सकाळी घाटकोपरची मेट्रो मध्येच थबकली होती, आठवतं? तांत्रिक बिघाड, असं लोकांना सांगण्यात आलं. बिघाड कसला डोंबलाचा! आमची विमला मोरीत पडली होती. आमच्या चाळीपासून मेट्रोचा खांब काही फार लांब नाही, आणि विमला काही फार हलकी नाही. हादरा नक्की कुठपर्यंत गेला ते मोजायला मी गेलो नाही. पण खालच्या मजल्यावरच्या सौरभच्या काचेच्या पेटीतले मासे त्यानंतर कितीतरी दिवस शेपटीकडून पुढे पोहत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विश्वास नसेल तर माशांना विचारा.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची, पण बोलायला स्पष्ट. म्हणाली, "आजोबा, ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर करावं लागेल. आजी अशा पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तर ती कुठेही जाऊन बसेल. पण त्यांच्या अंगात रक्त कमी आहे. एक तरी पिशवी हाताशी असल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "पिशवी आणतो. कापडी आणू की प्लॅस्टिकची?"

ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की काम गंभीर आहे.

पहिली अडचण आली ती नमुना काढताना. श्रुतिका नावाची नर्स सुई घेऊन आली आणि विमलाच्या हातावर शीर शोधायला लागली. शाळेत आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं, हृदयाकडून रक्त घेऊन जाते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला. मी कितीतरी वर्षं समजत होतो की त्या गुरुजींच्या दोन मुली आहेत, एक सासरी जाणारी आणि एक सारखी माहेरी येणारी. तर श्रुतिका नीलेला शोधत होती. चापट मारून झाली, दंडाला रबर बांधून झालं, मूठ वळायला लावून झाली.

"आजी, नस मिळत नाहीये हो."

"गावाक गेली असतली," विमला म्हणाली. खुबा मोडला तरी जीभ शाबूत होती. "ह्या माणसाबरोबर संसार केल्यार शिरो सुद्धा आत जातत गो."

शेवटी मनगटाजवळ एक सापडली. काळपट लाल रक्त नळीत उतरलं. मी बघत होतो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिचं रक्त आटवलं असं ती रोज म्हणायची. अजून बरंच शिल्लक होतं.

दुसरी अडचण मात्र विनोदाची नव्हती. विमलाचं रक्त ओ निघालं. ओ म्हणजे सगळ्यांत सोपं, पेढीत पिशव्याच पिशव्या, असं मला सांगण्यात आलं. मी खाली कँटीनला जाऊन चहा घेऊन वर येतो तर डॉक्टरीण कपाळाला हात लावून उभी.

"जुळत नाही," ती म्हणाली.

"काय जुळत नाही?"

"ओ ला ओ जुळत नाही. दुसरी पिशवी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांशी गुठळ्या होतायत."

"माझं घ्या. मी पण ओ आहे."

"तुमचं वय गेलं, आजोबा. नमुना तपासून बघू फक्त."

माझ्या थेंबाशीही विमलाचं पटलं नाही. त्यात नवल वाटण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही, पण डॉक्टरणीला दिसलं. ती सरळ विमलाच्या खाटेपाशी गेली. "आजी, तुम्हाला सख्खं कुणी? भाऊ, बहीण?"

विमलाने छताकडे बघितलं. "एक भाव होतो. आता नाय."

"सॉरी हं, आजी," डॉक्टरीण हळूच म्हणाली आणि तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करून निघून गेली.

मी मध्ये बोललो असतो. पण विमलाने माझ्याकडे असं काही बघितलं की माझंच रक्त तिथल्या तिथे गोठलं. मी खिडकीबाहेरचा कावळा बघायला लागलो.

नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तोवर मी तळमजल्यावरच्या रक्तपेढीत जाऊन बसायला लागलो. वर खाटेपाशी बसलं की विमला कामं सांगायची. पेढीत धम्मपाल नावाचा तंत्रज्ञ होता, तिशीतला, चष्मेवाला, सतत घाईत. त्याला मी माझ्या मिलच्या गोष्टी सांगायचो. मी साचाखात्यातला, म्हणजे सूत कातणारा. एकदा मी एवढं बारीक सूत काढलं होतं की बॉबिनवर आहे की नाही ते बघायला मुकादमाला बोट कापून घ्यावं लागलं. धम्मपाल ऐकायचा, 'हो का' म्हणायचा आणि नळ्या यंत्रात गरगर फिरवायचा.

एक नळी त्याने माझ्यासमोर धरली. "काका, हे रक्त. आता बघा."

मी बघितलं आणि दचकलो. फिरवून काढल्यावर ते रक्त राहिलंच नव्हतं. खाली गडद लाल थर, त्यावर पांढुरकी पातळ साय, आणि वर पिवळसर स्वच्छ पाणी. सोलकढी बराच वेळ तशीच ठेवली की नारळाचं दूध वर येतं आणि आमसुलाचं पाणी खाली बसतं, तसंच.

"फुटलं की हो!"

"फुटलं नाही. वेगळं झालं. खाली तांबड्या पेशी. त्या प्राणवायू वाहून नेतात. ही साय म्हणजे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. पांढऱ्या रोगाशी लढतात, प्लेटलेट जखमेवर खपली धरायला धावतात. आणि वरचं पाणी ते प्लाझ्मा. ह्याच्यातूनच सगळे वाहत जातात."

"म्हणजे निवळ," मी म्हटलं.

"काय?"

"पेज निवत ठेवली की शितं खाली बसतात आणि वर पाणी राहतं, ती निवळ. आमच्याकडे आजारी माणसाला तीच देतात."

"तसंच समजा. आजींच्या तांबड्या पेशींची कुणाशी कटकट नाही. भांडण आहे ते निवळीत. कुणाच्याही पेशी टाकल्या तरी त्यांची निवळ तुटून पडते."

मी मान डोलावली. विमलाला मी पूर्ण ओळखतो असं मला वाटायचं. पण तिचा राग कुठल्या थरात राहतो हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग डॉक्टरीण जिन्यावरून जवळजवळ धावत खाली आली. इथून पुढे माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला तो अजून पुरता उलगडलेला नाही, म्हणून शब्द जसे झडले तसेच सांगतो.

"आजोबा, आजींचा ग्रुप कळला. बॉम्बे."

"नाही हो. मुंबई."

"मुंबई नाही, बॉम्बे. बॉम्बे ग्रुप."

"डॉक्टर, तुमची काहीतरी चूक होतेय. तिचं माहेर बॉम्बे ग्रुपमध्ये आहे, खरंय. पण लग्न झाल्यापासून ती आमच्याकडे. आम्ही मुंबई ग्रुप."

"ग्रुप लग्नाने बदलत नसतो, आजोबा," ती म्हणाली. पोर दमलेली होती, तिचा आवाज चढला. "जन्मापासून असतो तोच मरेपर्यंत. त्यांना बॉम्बे ग्रुपच्याच माणसाचं रक्त लागणार. दुसऱ्या कुणाचा एक थेंब चालणार नाही. तुमचाही नाही. ओळखीत कुणी असेल तर आत्ताच्या आत्ता फोन करा."

आणि ती गेली. मी बाकावर बसलो.

आता हे बॉम्बे आणि मुंबई काय, ते सांगायला हवं. आमचं गाव आंबेखोल, खाली सिंधुदुर्गात. गावातली निम्मी माणसं इकडे, म्हणून इथे आमचं ग्रामस्थ मंडळ. दर थंडीत मुलुंडला हॉल घेऊन आमचं स्नेहसंमेलन व्हायचं. एका वर्षी जेवणाची जबाबदारी माझ्या मेव्हण्याने घेतली. बाबल त्याचं नाव, राहतो बोरिवलीला. विमलाचा पाठचा सख्खा भाऊ. त्याने सोलकढी केली. रंग असा की हॉलमधल्या ट्यूबलाइट गुलाबी दिसायला लागल्या. बायकांचे खेळ घेण्यासाठी विमलाच्या हातात माइक होता. तिने वाटी उचलली, एक घोट घेतला, आणि माइक चालूच आहे हे विसरून म्हणाली, "शी! रंग घातलोहा रे ह्येच्यात!"

सगळा हॉल थांबला. बाबल स्वयंपाकघरातून पळी घेऊनच बाहेर आला. म्हणाला, आमसुलं आहेत, गावची आहेत, आवशीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, झाडाची आहेत. विमला म्हणाली, आईचं झाड मला शिकवू नको. अर्धा हॉल म्हणाला रंग आहे, अर्धा म्हणाला आमसुलं आहेत. जेवणं तशीच राहिली आणि मंडळ फुटलं. आमसूलवाले बाबलच्या मागे बोरिवलीला गेले. त्यांनी फोनवर आपला वेगळा ग्रुप काढला. 'मुंबई ग्रुप' हे नाव आमच्याकडे आधीपासून होतं, म्हणून त्यांनी ठेवलं 'बॉम्बे ग्रुप'. वर टी-शर्ट छापले.

तेव्हापासून बहीण-भाऊ बोलत नाहीत. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते ना, तशी आमची विमला गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळते. सख्खा भाऊ बोरिवलीत जिवंत, आणि ही ताम्हन घेऊन आभाळाकडे बघत. एका वर्षी ढग होते तर तिने समोरच्या इमारतीच्या टाकीवरच्या दिव्याला ओवाळलं, पण फोन केला नाही.

तर बाकावर बसून मी विचार करत होतो. रक्तात हे कसं काय दिसलं? विमलाने कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. मोठ्या प्रयोगशाळेत आमच्या मंडळाचं कुणी कामाला असेल म्हणावं तर तसंही नाही. मग त्यांना कळलं कसं की ही बाई राहते मुंबई ग्रुपमध्ये पण आतून आहे बॉम्बे ग्रुपची? माझं रक्त तिला चालत नाही कारण मी रंगवाल्यांचा! मी नळीतल्या त्या पांढुरक्या सायीकडे बघितलं. न जाणो, तिथे लिहिलेलं असेल. यंत्रं फार पुढे गेलीत हल्ली.

आणि हेही खरं की मला थोडं वाईट वाटलं. एवढी वर्षं ही माझ्या बाजूने भांडली, आणि रक्त मात्र माहेरच्या बाजूला.

पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी फोन लावला. खूप वेळ वाजला. मग पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज.

"बाबल, मी सहदेव."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"बाबल, विमला पडली. खुबो मोडलो. ऑपरेशन आसा."

"...बरी आसा?" एवढंच. आवाज अगदी बारीक.

"रक्त होया. आमच्या ग्रुपचा चलना नाय. डॉक्टर म्हणतत, बॉम्बे ग्रुपचाच होया. दुसऱ्या कोणाचो एक थेंब चलाचो नाय."

मग बाबल म्हणाला, "डॉक्टरान सांगल्यान? आमच्याच ग्रुपचा?"

"तोंडार सांगल्यान."

"मुंबई ग्रुपचा तपासल्यानी?"

"माझाच तपासल्यानी. गुठळ्यो झाल्यो."

"होतल्योच!" बाबलचा आवाज एकदम भरून आला. अभिमानाने की कशाने ते मला फोनवर दिसलं नाही. "भावोजी, तुम्ही खयच जाव नकात. आमी इलांव."

दुपारी हॉस्पिटलच्या दारात टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली. मग दुसरी. त्यामागून चार-पाच मोटरसायकली. सगळे लाल टी-शर्टात, छातीवर पिवळ्या अक्षरात 'बॉम्बे ग्रुप'. बायका, बाप्ये, पोरं. बाबलची बायको सुगंधा तर साडीवरून टी-शर्ट घालून आली होती. वॉचमनला वाटलं मोर्चा आला, त्याने शटर ओढायला घेतलं. तेवढ्यात सगळे रक्तपेढीत घुसले सुद्धा.

धम्मपाल नळ्यांतून मान वर करून बघतो तर समोर ही लाल भिंत. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. टी-शर्टवरची अक्षरं तशीच होती.

"तुम्ही... तुम्ही सगळे बॉम्बे ग्रुप?"

"सगळे," बाबल म्हणाला.

"सगळेच्या सगळे?"

"दिसणा नाय?"

धम्मपालने हातातली नळी जपून स्टँडमध्ये ठेवली. "मी इतकी वर्षं ह्या कामात आहे. आजवर मी बॉम्बे ग्रुपचे दोनच पेशंट पाहिले हो! आणि तुम्ही... कुठून आलात?"

"बोरिवली. काय जण दहिसरचे आसत."

"कधी कळलं तुम्हाला? जन्मापासून?"

"नाय ओ. फूट पडली तेव्हापासून."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी आमी सगळे मुंबई ग्रुप होतांव."

"अहो, पण ग्रुप बदलत नाही!"

"आमचो बदललो," सुगंधा पुढे येऊन म्हणाली. "कोणाच्या बापाची भीती नाय."

धम्मपाल खुर्चीवर बसला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाबलकडे बघितलं. बाबलने हाताची बाही वर केली आणि म्हणाला, "आता बोलत काय बसलास? काढ रक्त. पयला माझा काढ, मी अध्यक्ष."

"कशाचे अध्यक्ष?"

आणि मग ते उलगडत गेलं. वीस माणसं एकाच वेळी सांगत होती, त्यामुळे उलगडायला जरा वेळ लागला. टी-शर्ट, मंडळ, सोलकढी, माइक, सगळं. धम्मपाल ऐकत होता आणि त्याचा चेहरा आमच्या विमलाच्या पिशव्यांसारखा हळूहळू गुठळत होता.

"काका," शेवटी तो मला म्हणाला, "बॉम्बे ग्रुप हे रक्तगटाचं नाव आहे. ए असतो, बी असतो, ओ असतो, तसा हा एक. ह्याच शहरात पहिल्यांदा सापडला म्हणून बॉम्बे. फार दुर्मिळ. सगळ्या माणसांच्या तांबड्या पेशींवर एक मूळ खूण कमी-जास्त असतेच. आजींच्या पेशींवर ती नाहीच. साध्या तपासणीत ते ओ सारखं दिसतं. पण निवळ फसत नाही. तिला ती खूण दिसली की ती परकी समजून भांडते."

"म्हणजे मंडळाशी ह्याचा काही संबंध नाही?"

"नाही हो!"

"मग ह्या सगळ्यांचं रक्त?"

"ह्या सगळ्यांचं रक्त तुमच्यासारखंच. नाही चालणार."

कुणीतरी टी-शर्टवरच्या अक्षरांवर हात ठेवला. सुगंधा बाकावर बसली. मला कसं सांगू काय वाटलं ते. एवढी माणसं, एवढं रक्त अंगात खेळतंय, एकेकाच्या मानेवरची शीर फुगलेली दिसतेय, आणि त्यातलं एक बोंडलंभरसुद्धा विमलाच्या कामाचं नाही. वर ती खाटेवर पडलेली, आणि डॉक्टरीण पिशवीशिवाय हात लावणार नाही.

"सगळ्या पेढ्यांना फोन केलेत," धम्मपाल म्हणाला. "यादीतला एक दाता परदेशी आहे, एकाने नुकतंच दिलंय. आता खरं तर सख्ख्या भावंडात सापडण्याची आशा असते, आई-बापाकडून येतं ना हे. चार भावंडं असली तर एखाद्यात. पण आजींचा भाऊ तर वारला."

"कोण वारलो?" बाबल म्हणाला.

"आजींचा भाऊ."

"खयचो भाव?"

"सख्खा. एकच होता म्हणे. आजींनीच सांगितलं डॉक्टरांना."

मी खिडकीकडे वळलो. कावळा नव्हता. असं हवं तेव्हा कुणी जागेवर नसतं.

"भावोजी," बाबल माझ्याजवळ येत म्हणाला, "विमलाबायक दुसरो भाव होतो?"

"नाय."

"म्हणजे... मी मेलंय?"

"तसा नाय रे. ती बोलली, एक होतो, आता नाय."

"मी मेलंय तर ह्यो टी-शर्ट घालून कोण इलो?" बाबल ओरडला. "आनी मेल्या माणसाक फोन करून बोलावतास? रक्त मागतास?" त्याने बाही खाली ओढली. सुगंधाकडे बघून म्हणाला, "चल गो. मेलेलो माणूस रक्त देणा नाय."

"अहो थांबा," धम्मपाल मध्ये पडला. त्याला आता एकाच गोष्टीत रस होता. "तुम्ही सख्खे भाऊ आहात? एकाच आईचे?"

"होतंय! आता नाय!"

असं म्हणून तो तरातरा निघाला. पण दाराकडे नाही, जिन्याकडे. मी मागे, माझ्या मागे सुगंधा, तिच्यामागे लाल भिंत. वॉचमनने ह्या वेळी शटर ओढायचा विचारच सोडून दिला.

विमला डोळे मिटून पडली होती. बाबल तिच्या पायाशी जाऊन उभा राहिला. भांडायला आला होता, पण तिच्या पायाला बांधलेलं वजन बघितलं आणि भांडण विसरला. विमला दोन्ही पायांनी झाडावर चढून आमसुलांसाठी रातांबे काढायची आणि हा खाली टोपली धरायचा, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

विमलाने डोळे उघडले.

"बाय," बाबल म्हणाला, "माका मारलंस?"

"मग काय करतलंय?" विमला म्हणाली. "जितो आसस तर दारात इलंस खय? दर वर्सा ताट घेवन उभी रवतंय मी. मान दुखता वर बघून."

बाबलने खाली बघितलं. टी-शर्टचं टोक बोटांनी चुरगाळलं. मग धम्मपाल दारात धापा टाकत उभा होता त्याच्याकडे वळून एवढंच म्हणाला, "चल. खय काढतलंस?"

त्याची शीर श्रुतिकाला पहिल्या फटक्यात सापडली. त्या घरात तेवढी एक तरी गोष्ट सरळ होती. नमुना गेला. आम्ही सगळे पेढीबाहेर दाटीवाटीने बसलो, आणि पहिल्यांदाच बॉम्बे ग्रुप आणि मुंबई ग्रुप एका बाकावर होते. मी आणि बाबल. मला वाटलं काही बोलावं. मी त्याला सौरभच्या माशांची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "भावोजी, बोरिवलीक आमच्याकडे पण पंखे बंद पडले होते त्या सकाळी." माझ्याच तोंडावर माझ्याच तोडीची थाप! हा माणूस माझा मेव्हणा आहे हे मी उगाच इतकी वर्षं विसरलो होतो.

धम्मपाल बाहेर आला तेव्हा त्याचा चष्मा कपाळावर होता. तो हसायला लागला.

"बॉम्बे," तो म्हणाला.

"तां माका म्हायती होता," बाबल म्हणाला. "टी-शर्टार लिवलाहा."

"नाही, खरोखरचे बॉम्बे! आजींच्या निवळीत तुमच्या पेशी टाकल्या. काही नाही केलं तिने. गप्प!"

विमलाची निवळ गप्प! मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मागितलं. नळीत सगळं कसं मोकळं, एकसारखं लाल, एक गुठळी नाही. धम्मपालचं म्हणणं की ते मूळ खुणेचं गणित आहे, आई आणि बाप दोघांकडून अर्धं अर्धं आलेलं. असेल. त्याचं शिक्षण आहे. पण मी अजून विचार करतो. वीस माणसं टी-शर्ट घालून आली, ती सगळी नावाची बॉम्बे. आणि ज्याने रागाच्या भरात ते नाव ठेवलं तो एकटा रक्ताचा बॉम्बे. आता हे नाव त्याला सुचलं कुठून? फोनातून की आतून? धम्मपालला विचारलं तर तो म्हणतो, "काका, प्लीज, मला झोप येत नाही ह्या विचाराने."

बाबलचं वजन बघितलं, दाब बघितला, वय बसतंय याची खात्री केली आणि त्याला आडवं केलं. त्याच्या हातातून नळीतून रक्त पिशवीत उतरायला लागलं. गडद, आमसुलासारखं. तो मान वळवून बघत होता, आणि बाहेर त्याचं अख्खं मंडळ काचेला नाक लावून उभं होतं.

सगळ्या तपासण्या आटोपल्या, निवळ बाजूला काढली गेली, आणि नुसत्या तांबड्या पेशींची पिशवी वर आली. ऑपरेशनला नेण्याआधी डॉक्टरणीने ती विमलाला दाखवली. "आजी, हे बघा. भावाचं."

विमलाने पिशवी हातात मागितली. उजेडाकडे धरली. एका बाजूला कलवली, दुसऱ्या बाजूला कलवली. बाबल खाटेच्या कडेला उभा होता, हाताला कापूस धरून.

"रंग घातलंस काय रे ह्येच्यात?" विमला म्हणाली.

"नाय गो बाय," बाबल म्हणाला. "आवशीच्या झाडाचा आसा."